पहिल्या फेरीला मागं कोण बसणार

उस्ताद, लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं, आता घरात सून आहे. शाळा लवकर सुटली, त्यामुळे कागद समोर घेतला की हात आखडतो. पण जे विचारायचं आहे ते तुमच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही, आणि उद्या सकाळी गाडी निघणार आहे.

पोरानं पिकअप उंच केली. आमचं गाव नांदगाव खंडेश्वरकडे, काळी जमीन. वावरात जायचा पांदण रस्ता पावसानं पार खचला आहे. दोन्ही चाकोऱ्या खोल गेल्या आणि मधला वरंबा गाडीच्या पोटाला घासतो. कापूस वेचायला बाया न्याव्या लागतात, सून त्यांच्यात असते. मागच्या आठवड्यात गाडी वरंब्यावर टेकली आणि सगळ्या बाया चिखलातून पायी गेल्या. तेव्हा त्यानं अमरावतीहून सामान आणलं आणि मोबाइलवर बघून काम अंगणातच काढलं. मागं स्प्रिंगच्या पाट्यांची कमान आणि ॲक्सल यांच्या मधे लोखंडी गुटके, त्यावर लांब यू-बोल्ट. ब्रेकचा पाइपही लांब टाकला, हे मी दोनदा वाकून पाहिलं. जॅकखाली त्यानं फरशी ठेवली होती, ती मी काढायला लावून लाकडाचा ठोकळा दिला. तो चिडला.

"बाबा, तुमी चाय प्या न. कावून उन्हात उभे राहून राहिले?"

"गुटक्याची जाड बाजू कोनीकडं हाय, पाह्यलं का?"

"पाह्यलं. तुमाले विचारत बसलो तं गाडी दिवाळीपर्यंत जॅकवरच राहीन."

सून ओसरीतून हसली. "मामाजी, गाडी लय उंच झाली. आता बायाइले चढाले शिडी लागन."

मी तुमचा पाना आणला होता, लग्न ठरलं म्हणून तुम्ही मला दिलेला, मुठीजवळ वाकलेला. तो या नटांना बसेना. नवीन सामान, नवीन माप. मी तो पुसून परत खुंटीला टांगला आणि उगाच अपमान झाल्यासारखं वाटलं.

अकोल्याच्या त्या टिनाच्या शेडमधे तुम्ही मला पहिली कमान बसवायला शिकवली तो दिवस मला अजून दिसतो. मी बोल्ट कसून मोकळा होतो आणि हात पुसतो. तुम्ही मागून टपली मारता. "झालं का तुयं? नवी कमान म्हंजे नवी नवरी. आधी घरात बसू दे, मंग कामाले लाव." म्हणजे माल भरून गाडी थोडी चालवायची, पाटे एकमेकांवर बसू द्यायचे, मग थांबून बोल्ट पुन्हा कसायचे. आणि त्या शेडचा दुसरा कायदा, जो मी नंतर कुठल्याच गॅरेजात पाहिला नाही: ज्यानं बोल्ट कसला त्यानं पहिल्या फेरीला मागं बसायचं, मालावर. तुम्ही म्हणायचे, "आपला जीव मांगं असला का हात नीट चालते."

कापसाच्या गाठींच्या ट्रकला तुम्ही जादा पाटे टाकून उंच केलं त्या दिवशी मी म्हटलं होतं, उस्ताद, आज मी जातो, तुमची कंबर दुखते. तुम्ही रागावला. "बोल्ट कसला कोनं?"

"तुमीच."

"मंग? चाल, हट बाजूले."

तुम्ही गाठींवर चढता, टोपी नीट करता, ट्रक मूर्तिजापूरकडे निघतो. मी डिझेलमधे पाने धूत बसतो. दुपारी माणूस सांगत आला की ट्रक एका अंगाला कलंडला आणि गाठी तुमच्यावर आल्या.

ड्रायव्हर सगळ्यांना सांगायचा, उस्तादनं रस्त्यात गाडी थांबवून बोल्ट पुन्हा कसले होते. त्याचा क्लीनर मला चहाच्या टपरीवर म्हणाला, कुठचं थांबनं, घाई होती. दोघंही आता नाहीत. मी जन्मभर पोरांना तुमचा कायदा शिकवला, आणि जन्मभर मला हे माहीत नाही. तुम्ही थांबला नसाल, तर चूक घाईची होती आणि कायदा खरा आहे. थांबून कसले असतील आणि तरीही ट्रक गेला असेल, तर मग उस्ताद, मी कशावर भरवसा ठेवू?

आज पोरानं रेतीची पोती भरून गावाबाहेर फेरी मारली आणि परत येऊन बोल्ट पुन्हा कसले. मी सांगितलं म्हणून नाही, मोबाइलवरही तसंच सांगतात म्हणे. पण ती पोत्यांची फेरी. माणसांची पहिली फेरी उद्याची. मी त्याला तुमचा दुसरा कायदा सांगितला. तो म्हणाला, "बोल्ट कसले म्या. मी मांगं बसलो तं गाडी कोन चालवन, तुमी? तुमाले तं समोरची म्हैस दिसत नाही."

सून मागं बसणार, चार घरच्या लेकी-सुना मागं बसणार, आणि कायद्यानं मागं बसायचा तो पुढं. म्हणून त्याच्या हातून पाना घेतला, गाडीखाली सरकलो आणि म्हटलं, शेवटचा ताण मी देतो, म्हणजे उद्या मागं मी बसणार. तो हसला आणि हो म्हणाला. सुनेनं माझ्यासाठी मागं घोंगडी टाकून ठेवली आहे.

हा कागद तुमच्या पान्याला गुंडाळून ठेवीन, दुसरीकडे कुठं टाकणार? पण एक गोष्ट घरात सांगितलेली नाही. मी ताण दिला तेव्हा नट हललाच नाही. तो पक्का होता म्हणून हलला नाही, की माझ्या हातात जोर उरला नाही म्हणून, हे मला कळलं नाही. मी बाहेर आलो आणि झालं म्हणालो.

तुम्ही त्या दिवशी थांबला होता का, उस्ताद? एवढंच लवकर कळवा. बाया उजाडताच येतात.