विमानातला अबोला

१३ एप्रिल, रविवार. एर्लांगेन

काल काय झालं ते आजच लिहून ठेवते. नाहीतर शेखर म्हणतो तसंच झालं असं मलाही वाटायला लागेल.

सकाळी भांडण. कारण नेहमीसारखं फालतू. मंडळाच्या पाडव्याला (हॉल मिळेल तेव्हा आमचा पाडवा) पुरणपोळ्या करते असं मी कबूल केलं होतं, त्यामुळे लवकर परत यायला हवं होतं. हवा मस्त, आणि त्याला विमानाने पार थुरिंगियाच्या जंगलापर्यंत जायचं. "आठवड्यात एक शनिवार मिळतो, त्यातही पोळ्या," एवढं बोलून शे.ने अबोला धरला. गाडीत अबोला, हँगरमध्ये अबोला. चेकलिस्ट मी वाचली, त्याने नुसती मान हलवली. त्याचा अबोला मला पाठ आहे. दुपारच्या चहापर्यंत टिकतो, मग स्वतःच काहीतरी विचारतो.

त्यामुळे वर गेल्यावर मी विचारलं, ते तळं कुठलं, आणि तो बोलला नाही, तेव्हा म्हटलं राहू दे. मीही खिडकीबाहेर बघत बसले. खाली नुसतं जंगल, उतरायला हातभर जागा नाही. विमानाचं नाक हळूहळू उजवीकडे आणि खाली जायला लागलं. वाटलं, मुद्दाम करतोय, मला घाबरवायला.

मग रेडिओवरच्या बाईने आमच्या विमानाला हाक मारली. शे. गप्प. तिने परत मारली. माझ्याशी तो अबोला धरेल, रेडिओशी कधीच धरणार नाही.

वळून बघितलं. डोळे उघडे, समोर. तोंड हलत होतं, सुपारी चघळल्यासारखं. हात कंट्रोलवर, पण हातात जीव नव्हता. मी माझ्या बाजूचं कंट्रोल दोन्ही हातांनी धरून ओढलं. झाडं इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. शेखर, शेखर, शेखर. किती वेळ, माहीत नाही.

मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाला, "उंची का सोडलीस?"

मी! म्हणजे मी सोडली!

नंतर शांतपणे रेडिओवरच्या बाईशी बोलला, परत फिरला, लोण्यासारखं लँडिंग केलं. घरी येऊन मी पोळ्या केल्या. एकही धड फुगली नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

शे.चं म्हणणं, डुलकी लागली. डोळे उघडे ठेवून? "तू घाबरलीस की तुला काहीही दिसतं." घाबरट तर मी आहेच. पहिल्यांदा त्याच्याबरोबर उडाले तेव्हा देवाचं नाव घेत सीटचा स्पंज उपटून काढला होता. पण घाबरट माणसाला दिसतं ते खोटंच असतं असं कुठे आहे.

बैठकीच्या भिंतीवर स्वीडनचा नकाशा, यंदाच्या सहलीचा. जुलै. पार उत्तरेतलं एक तळं, काठाला खडीची धावपट्टी. रस्ता नाही, वस्ती नाही. गेल्या वर्षी त्याच्या अलीकडच्या तळ्यावर पंखाखाली तंबू ठोकला होता. सकाळी रेनडिअर म्हातारीच्या शेपटीला अंग घासत होता. (क्लबच्या या जुन्या विमानाला म्हातारी हे नाव माझंच.) मी स्टोव्हवर पिठलं केलं, शे.ने तळ्याचं पाणी आणलं. इतकी भीती आणि इतकं सुख एका जागी मला कधी मिळालं नव्हतं.

तिथे असं झालं तर?

२१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

मी सारखी बोलते आहे. माझं मलाच ऐकू येतं. शे. दात घासतोय तर दाराबाहेरून भाज्यांचे भाव. तो वाचतोय तर, काय वाचतोस. उत्तर आलं की बरं वाटतं, मग पुढचा प्रश्न. रेवा सुट्टीला हायडेलबर्गहून आली आहे. तिने जर्मनमध्येच विचारलं, आई, तू मध्ये श्वास घेतेस का? बापलेक खूप हसले. मीही हसले.

पूर्वी त्याच्या गप्प बसण्याचा राग यायचा. आता घाम फुटतो.

२४ एप्रिल, गुरुवार

लॅबमध्ये दाढेची कॅप हातातून पडली. इतकी वर्षं दात बनवतेय, असं कधी झालं नाही. परत सगळं पहिल्यापासून. बॉस काही बोलला नाही. जर्मन माणूस काही बोलला नाही की त्याचा अर्थ काय, ते मला अजूनही कळत नाही.

१ मे, गुरुवार

क्लबात कामाचा दिवस. गवत कापणं, धावपट्टीच्या कडेच्या पाट्या रंगवणं, मग कॉफी आणि रुबार्बचा केक. शे. रंगाच्या डब्यात आनंदात होता.

युर्गेन माझ्या शेजारी येऊन बसला. क्लबचा इन्स्ट्रक्टर, आणि रिटायर होईपर्यंत शे.च्याच खात्यात. दोघांनी जन्मभर एमआरआयची मशिनं केली. नवीन काही करून बघायचं असलं की खात्यातलाच कुणीतरी मशीनमध्ये झोपतो, त्याला ते प्रोबांड म्हणतात. शे. नेहमी पहिला हात वर करणारा. आत झोप छान लागते म्हणायचा. युर्गेन सहज बोलून गेला, की जुनी मंडळी सांगतात, तुझा नवरा गेल्या शरदापासून मशीनमध्ये झोपायला नाही म्हणतो. "चला, तोही म्हातारा झाला."



मग मला काय सुचलं कोण जाणे, मी युर्गेनला म्हटलं, मला उतरवायला शिकव. नुसतं उतरवायला. स्वीडनला जातोय, येत असलेलं बरं. तो एवढा खूश झाला की मला लाज वाटली.

१० मे, शनिवार

पहिला धडा. डावीकडची सीट. ती जागा शे.ची, मी तिथे कधी बसलेही नव्हते. तिथून जमीन जास्त वेगाने अंगावर येते असं वाटतं. युर्गेन फार कमी बोलतो. पण त्याच्या गप्प बसण्याची भीती वाटत नाही, हे गमतीचं आहे. तिसऱ्यांदा इतकी आपटवली की शे. हँगरमधून पळत आला. म्हातारीला काही झालं नाही. माझी पाठ धरली आहे.

शे. रात्री जेवताना मला कसं ओढायचं ते पोळी हातात धरून दाखवत होता. किती प्रेमाने. मी बघत बसले. हा माणूस मला काहीतरी सांगत नाही, आणि मीही विचारत नाही.

१७ मे, शनिवार

विचारलं.

तो सायकल पुसत होता. मी म्हटलं, मशीनमध्ये झोपायचं का सोडलंस? बराच वेळ चाकाच्या तारा पुसत राहिला. मी नेहमीप्रमाणे त्याच्या तोंडाकडे बघत होते, ओठ हलतायत का. ते त्याला कळलं. "इथेच आहे मी," म्हणाला.

शरदापासून दोनदा झालं होतं. एकदा मीटिंगमध्ये, एकदा कालव्याच्या कडेने सायकलवर. पडला गवताच्या बाजूला. पाण्याच्या बाजूलाही पडू शकला असता. म्हणजे विमानातलं तिसरं.

"आणि तरी मला घेऊन वर गेलास?"

"तुला घेऊनच गेलो. त्यानंतर एकटा एकदाही गेलो नाही."

मी खाली बसले. हिवाळाभर मी खूश होते, की हा हल्ली मला सोडून उडत नाही. रेवाला फोनवर सांगितलंसुद्धा होतं, म्हातारपणी बाबाला माझी आठवण झाली.

डॉक्टरकडे का नाही, तर आत काही दिसलं की संपलं. विमान संपलं, गाडी संपली. "जुलैपर्यंत थांब. ते एक तळं होऊ दे, मग तू म्हणशील तिथे झोपतो."

१८ मे, रविवार

आज अबोला मी धरला. पहिल्यांदाच एवढा राग आला आहे. फसवलं त्याने मला.

तो आंघोळीला गेला. कडी लावली. पाण्याचा आवाज बंद झाला आणि मग काहीच नाही. मी स्वयंपाकघरात दगडासारखी उभी, बोलायचं नाही म्हणून. शेवटी जाऊन दार बडवलं. "अगं, दाढी करतोय."

आता मला धड अबोला धरायचीसुद्धा सोय राहिली नाही. दाराबाहेर रडले. तो तोंडाला फेस तसाच घेऊन बाहेर आला.

नियम ठरला. बोलायचं नसेल तर नको बोलू, पण मी काही विचारलं की लाकडावर दोनदा वाजवायचं. टक टक म्हणजे आहे, आणि रागावलेला आहे. कडी लावायची नाही. सायकल बंद, बसने जायचं. गाडी मी चालवणार. विमानाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

२८ मे, बुधवार

नियम पाळतो. चिडला की टेबलावर असं वाजवतो की ताटं उडतात. आज त्यावरून हसू आलं दोघांना.

न्यूरॉलॉजिस्टची टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, घेतली त्याने, स्वतः. मी देवापुढे साखर ठेवली. मग तारीख विचारली. सप्टेंबर. "मी काय करू, सगळीकडे असंच आहे," म्हणाला. खरंच आहे, पण तोंडावर जरा जास्तच समाधान होतं.

७ जून, शनिवार

आज पहिल्यांदा चांगलं उतरवलं. चाकं कधी टेकली कळलं नाही. युर्गेनने नुसतं "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हटलं, मला पदक मिळाल्यासारखं वाटलं.

शे. कुंपणापाशी उभा होता. येऊन माझे दोन्ही हात धरले. "बघ. आता प्रश्नच मिटला. मला काही झालं तर तू आहेस."

मी भीतीपोटी शिकले, आणि त्याने त्यावरच तिकीट काढलं. घरी आल्याबरोबर त्याने तंबू बाल्कनीत वाळत घातला.

सगळ्यात वाईट हे, की क्षणभर मलाही वाटलं, जाऊया. त्या तळ्याचा गारवा आठवला. जमेल मला. हवा चांगली असेल, जागा सरळ असेल, आणि तो नुसता बसून राहील, कंट्रोल घट्ट धरून ठेवणार नाही, तर जमेल. तेव्हा जीव नव्हता हातात. पुढच्या वेळी असला तर? माझ्याने त्याची बोटं सुटणार आहेत का?

९ जून, सोमवार

झोप नाही. रेवाला सगळं सांगितलं. आधी जर्मनमध्ये बोलत होती, मग मराठीत म्हणाली, "आई, तू बाबाला उडू नको देऊ." लहानपणानंतर पहिल्यांदा पूर्ण वाक्य. सप्टेंबरपर्यंत थांबायचं नाही, घरच्या डॉक्टरकडून तातडीची चिठ्ठी मिळते, तिने चौकशी केली आहे.

शे.ला सांगितलं. चिठ्ठी नको म्हणाला. सप्टेंबर म्हणजे सप्टेंबर. मी म्हटलं, मग मी युर्गेनला सांगेन. "सांग. पण मग पुन्हा माझ्याशी बोलू नकोस."

टक टक नाही, काही नाही. उठून फिरायला गेला. मी खिडकीतून तो वळेपर्यंत बघत होते, मग चपला घालून मागे गेले. दोन रस्ते सोडून, लपत. या वयात.

१४ जून, शनिवार

सांगितलं.

युर्गेन इंजिनाचं ऑइल बघत होता. मी जर्मनमध्ये पाठ करून गेले होते, पण दुसऱ्याच वाक्याला गडबडले. त्याला कळलं. फडक्याला हात पुसले, "दांके" म्हणून आभार मानले, आणि खिळ्यावरची म्हातारीची किल्ली काढून खिशात टाकली. मग म्हणाला, आता तो माझ्यावरही चिडेल. चिडू दे. जमिनीवर चिडू दे.

मला वाटलं होतं हलकं वाटेल. नाही वाटलं. चोवीस वर्षांच्या संसारात मी त्याची एकही गोष्ट बाहेर सांगितली नव्हती.

घरी येऊन शे.ला तोंडावर सांगितलं. तो उठला, भिंतीवरचा नकाशा काढला, नीट घडी केली. फाडला असता तर बरं झालं असतं.

१५ जून, रविवार

कालपासून एक शब्द नाही. पण वाजवतो. जेवायचं का, टक टक. गोळी घेतलीस का ब्लडप्रेशरची, टक टक. नियम मोडला नाही, म्हणजे माझ्यावर थोडी दया आहे. त्या चिठ्ठीसाठी उद्या सकाळची घरच्या डॉक्टरची वेळ मी घेतली आहे. येशील ना, विचारलं, तेव्हा मात्र वाजवलं नाही. मी तो राग समजले, कारण डोळ्यांत पाणी होतं.

संध्याकाळ. बाहेर लख्ख उजेड. तो बाल्कनीत, पाठ माझ्याकडे, समोर लाकडी स्टूल, त्यावर कप. मी आत टेबलाशी लिहितेय. आताच विचारलं, अजून चहा ठेवू का.

वाजलं नाही.

मुद्दाम असेल. डॉक्टरचं डोक्यात असेल. खांदे तसेच आहेत. तोंड दिसत नाही इथून. सतत उठून बघायला गेलं की चिडतो, कालच हात झटकला. थोडी कळ काढावी. त्या दिवशी विमानातही मी हेच म्हटलं होतं, राहू दे.

परत विचारलं. जरा मोठ्याने.

टक.

एकदाच. कप टेकला तरी असाच आवाज येतो. दुसऱ्याची वाट बघते आहे.

नको. उठते.