साखरेचं पांघरूण

३ जून

प्रिय दादा,

नमस्कार. मी मजेत. बाळीचे फोटो पोचले. नाक थेट तुझं, बिचारी! वहिनीची पाठ कशी आहे? आता हातातलं कुलूप खाली ठेव आणि नीट वाच. गिऱ्हाईक थांबेल.

गेल्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत मी जंतूच्या अंगातलं दार पाहिलं. खरंच रे! जंतू केवढासा, नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. पण आत बसून तो साखरेचे कण एकाला एक जोडत लांबच लांब दोरे विणतो. मग त्याच्या कातडीत बसलेली प्रथिनं, तीच दारं, ते दोरे बाहेर ढकलतात, आणि हा पठ्ठ्या त्यांचंच पांघरूण घेतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे आपले पहारेकरी, धरायला आल्या की निसटतो. कॉम्प्युटरवर त्या दाराचा आकार मी तासभर फिरवून बघत बसले. एवढ्याशा जिवाला हे शिकवलं कुणी? तुझ्यासारखा कुलूपवालासुद्धा तोंडात बोट घालेल.

मग आम्ही जंतूची दार घडवायची कृतीच बिघडवली, म्हणजे ते दार मोडलं. एरवी काचेच्या बशीत वाढलेल्या जंतूंचे ठिपके तुकतुकीत दिसतात, काल पाहिले तर कोरडे, मळकट. मला वाटलं, नासले. टाकायला निघाले तर आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई ओरडल्या, "अगं वेडाबाई, हेच तर हवं होतं! पांघरूण आतच अडकलंय." मग पहारेकरी सोडले, तर त्यांनी गपागप गिळले की सगळे!

सगळे टाळ्या पिटत होते, मला मात्र रडू आलं. दादा, हा जंतू तोच आहे. लहानपणी तुला मेंदूचा ताप आला, कान गेले, तो. शेवटचं काय ऐकलंस, तर पाळण्यातलं माझं भोकाड. म्हणून तर तू मला भोंगा म्हणतोस.

वहिनीने कळवलंय, बाळीची याच जंतूवरची लस तू दोनदा पुढे ढकललीस. सुई टोचताना तिचं तोंड बघवणार नाही म्हणे तुला. कळतं रे मला. पण त्या लशीत जंतू नसतो, त्याच्या पांघरुणाचे तुकडे असतात. ते एकदा ओळखीचे झाले की पहारेकरी फसत नाहीत. तुझ्या वेळी ही लस नव्हती. आता आहे.

उद्याच घेऊन जा तिला. भोकाड पसरेल, पसरू दे. तिचं रडणं तिला स्वतःला ऐकू येतंय, एवढंच मनात धर.

तू शेवटचा ऐकलेला,
तुझा भोंगा