नावं झाकलेले पेपर

२ सप्टेंबर
पोचले बाई एकदाची या डोंगरातल्या नारिनला! ओशपासून गाडीने हाडं खिळखिळी केली, पण घरमालकीण साइरागुल एजेंनी (इथे ताईला, बाईंना एजेच म्हणतात) दारातच चहा, साय आणि गरम तळलेले बोरसोक पुढे केले आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. त्यांच्याकडेच खोली घेतलीय. त्यांची मुलगी जिबेक माझ्याच सातवीत. आल्याआल्या मला चिकटली आणि तिच्या करड्या घोडीचं कौतुक सांगत सुटली. मुख्याध्यापिका कुलाइम एजे कडक आहेत. मुलांचे निबंध संगणकावर जमा होतात, नावं झाकून, म्हणजे कुणाचे लाड नकोत. शिक्षकांची रोजनिशीही तिथेच लिहायची, असा हुकूम. माझ्या आधीची बाई म्हणे फार मऊ होती. मी कसली मऊ! कळेलच त्यांना.

५ सप्टेंबर
संगणकावर पहिला गठ्ठा उघडला. एका पठ्ठ्याने अख्खा परिच्छेद पुस्तकातून उतरवला होता. मी त्यावर लाल रेघ ओढली, आडवी, चांगली ठसठशीत. दुपारी तिसऱ्या बाकावरच्या मुलाचा सदरा पाठीवर रक्ताने भिजलेला दिसला. खांद्यापासून खांद्यापर्यंत पाठ चिरलेली. कुलाइम एजे म्हणाल्या, कुंपणाची तार लागली असेल, पोरं म्हणजे वानरं. मला पटलं.

९ सप्टेंबर
नाही, तार नव्हती ती.
मुलं गणितं सोडवत होती, मी समोर बसून त्याच गठ्ठ्यातले निबंध तपासत होते. एकाच्या शेवटच्या दोन ओळी फालतू होत्या, त्या खोडल्या. त्याच क्षणी जिबेक किंचाळली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं तुटून वहीवर पडली होती. रक्त बाकावरून खाली ठिबकत होतं. मी रेघ पुसली, पुन्हा पुन्हा पुसली, पण बोटं काही परत आली नाहीत. मग निबंध वर सरकवला. सगळा त्या करड्या घोडीवर होता. देवा, मी काय केलं!
कुलाइम एजे दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, बघा आता वर्ग कसा चिडीचूप बसलाय.

१० सप्टेंबर
साइरागुल एजेंनी आजही माझ्या ताटात मटण वाढलं. पोरीचा हात दाराच्या फटीत सापडला असं शाळेने कळवलं होतं, म्हणून त्या रडत होत्या. खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

१२ सप्टेंबर
मी तपासायचं नाही असं ठरवलं. सगळ्यांना पूर्ण गुण दिले. त्या गठ्ठ्यातला एकच पेपर चुकून राहिला. आणि मुदतीच्या दिवशी घंटेला न तपासलेल्या पेपरला आपोआप शून्य पडतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
घंटा झाली. माझ्या वर्गातला एर्मेक दाराकडे पळत निघाला होता. मान मागे फिरली, कडकन. धड आणखी दोन पावलं चाललं.

१३ सप्टेंबर
दफन झालं. मी संगणकावर दगड घातला. वर्गात आले तर संगणक टेबलावर तसाच, धडधाकट. मी कुलाइम एजेंचा गळा धरला. त्या हसल्या. म्हणाल्या, प्रत्येक गठ्ठ्यात एक शून्य लागतंच, कुणाचं ते तुम्ही ठरवा. नाही ठरवलंत तर घंटेला निम्म्या वर्गाला. आधीच्या बाईंना ठरवता आलं नाही, म्हणून तर वर्ग निम्मा उरलाय.

१४ सप्टेंबर
नवा गठ्ठा. नावं झाकलेली. जिबेकचा पेपर ओळखू येतो, डाव्या हाताने टंकलेला, तुटक तुटक. पुन्हा घोडीच. बाकीचेही कुणाकुणाचेच ना? कुणाला मारू?
मुलं बाकावर बसलीत. एकही मान वर करत नाही—

सापडलं. रोजनिशी पण इथेच जमा होते. मी ती त्याच गठ्ठ्यात सरकवली. नाव झाकलं गेलं. संगणकाने घेतली, तक्रार केली नाही.
पोरांना पूर्ण गुण. सगळ्यांना. जिबेकला तर—
एक शून्य लागतं ना? घ्या, माझ्या रोजनिशीला.

कुलाइम एजे धावत येतायत. कळलं वाटतं. घंटेला दोनच मिनिटं उरलीत. दाराला रिकामा बाक लावलाय. मागच्या बाकांवरची मोठी मुलंही येऊन त्याला रेटतायत, गुणी माझी—
जिबेक विचारतेय, एजे, तुम्ही रडताय का. नाही गं, म्हटलं. घोडीचं नाव काय ते सां