मान नको, पान धर

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हात कापतात म्हणून तू टोमॅटोचं बी माझ्या हवाली केलंस. तीस वर्षं तू जपलेलं वाण, आणि आता या अठ्ठावीस बियांपलीकडे ते कुठेही नाही. आधी गोड बातमी: बिस्किटांच्या डब्यात पेरलेल्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस उगवल्या! तुझी भावजय दिवसातून दहादा डोकावते.

आता कडू बातमी. गर्दी झाली की दणकट रोपं ठेवून बाकीची काप, असं तू बजावलं होतंस. मला काही धीर होईना. घड्याळजी माणूस मी, आजवर एक स्क्रूसुद्धा फेकला नाही. म्हटलं, एकेक उचलून वेगळ्या कपात लावू. दुकानातला चिमटा आणला आणि घड्याळाचा काटा धरतो तसं एकेका रोपाचं खोड अलगद धरलं. संध्याकाळपर्यंत उचललेल्या एकोणीसही रोपांनी माना टाकल्या. डब्यात नऊ उरलीत. ताई, तुझं वाण माझ्या हातून बुडणार असं वाटतंय. लवकर लिही.

राग थोडा, लोभ जास्त असू दे.
तुझा भाऊ

ता. ८ फेब्रुवारी

चि. घड्याळ्यास,
अ. उ. आ.

काय रे हा शहाणपणा! चिमट्याने मान आवळलीस, मग ते बिचारं पाणी कसं पिणार? पान फाटलं तर दुसरं येतं, खोड एकच असतं. तेव्हा मान नको, पान धर. आधी डबा चांगला भिजव, म्हणजे मुळं मातीसकट सुटतील. रोप पानांपर्यंत मातीत गाड. घाबरू नकोस, टोमॅटोच्या गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. दोन-तीन दिवस ऊन दाखवू नकोस.

जी अगदी चिकटून आलीत, त्यांतलं बारकं कात्रीने मातीलगत काप. उपटलंस तर शेजारचंही हलेल, आणि दया करायच्या नादात दोन्ही घालवशील. भावजयीला म्हणावं, याचा चिमटा लपवून ठेव.

खुशाली कळवत जा, आणि जेवत जा.
ताई

ता. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन कापली. तुझ्या भावजयीने तर तोंडच फिरवलं. उरलेली सहा पानाला धरून लावली. दोन दिवस सगळी मरगळलेली. मी दुकान उघडलं नाही. एक गिऱ्हाईक घरी येऊन विचारून गेलं, कुणी आजारी आहे का. मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी बघतो तर सहाच्या सहा ताठ! आज प्रत्येकाला कातरल्यासारख्या कडांचं नवं पान आहे.

बारीक कामात माझा हात धरणारा कुणी नाही, अशी माझी मिजास होती. पण घड्याळ बिघडलं तर मी पुन्हा उघडतो. तुला ती सोय नव्हती, तरी तीस वर्षं गाजावाजा न करता हे करत आलीस. धन्य आहेस बाई!

असाच कान पकडत राहा.
तुझा भाऊ

ता. २२ फेब्रुवारी

चि. घड्याळ्यास,
अ. उ. आ.

एक गोष्ट तुला कळवली नव्हती. गेल्या साली मी पेरलं होतं. हात ठरेना, पान धरायला जावं तर रोपच मोडे. एकही जगलं नाही. तुला बी पाठवलं तेव्हा मनातल्या मनात मी या टोमॅटोचा निरोप घेतला होता. तुझं पत्र आलं आणि सूनबाईला मी 'सहाच्या सहा ताठ' हे तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा तीही रडली.

कौतुक माझं कसलं करतोस? एकोणीस रोपं गेल्यावर पुन्हा डब्यात हात घातलास, त्याला छाती लागते. फळं आली की बी तूच काढून ठेव. आता ते वाण तुझं. मला लागलं तर मी मागेन. देशील ना?

तुझी ताई