शोकसभेतलं हसू

३ मार्च
सगळ्यांच्या मोबाइलवर एकच फोटो. दोन वर्षांपूर्वीची कारखान्यातली शोकसभा, मागे नऊ तसबिरी, पुढे मंत्री – आणि दात दाखवून हसतायत! चौथी तसबीर आमच्या ह्यांची. दीर तणतणत आले. "बघा वहिनी, निर्लज्ज मेला! बॉयलर फुटून माणसं गेली आणि हा दात काढतोय!"


४ मार्च
त्या सभेतलं मला काहीच आठवत नाही. कुणाला सांगितलेलं नाही. आठवतात फक्त माझ्या चपला – दोन वेगळ्या जोडांच्या.

६ मार्च
मंत्र्यांची माणसं म्हणतात, फोटो बनावट. दीर कॅमेरेवाल्यांना घरीच घेऊन आले. "काकू, तुम्ही पुढच्या रांगेत होतात. हसले का ते?" दीर माझ्या तोंडाकडे बघत होते.
म्हटलं – हसले. डोळ्यांनी पाहिलं मी.
फोटोत पाहिलंच की! खोटं कसं?

९ मार्च
मंत्र्यांनी राजीनामा दिला. फोटोबद्दल स्वतः एक शब्द बोलले नाहीत म्हणे. दीर म्हणाले, "दादाला न्याय मिळाला." मला तसबिरीकडे बघवेना.
डोळे मिटले की ते हसू दिसतं. दोन वर्षं कधी दिसलं नव्हतं. मग ही आठवण माझी की मोबाइलची?

११ मार्च
हॉस्पिटलच्या चादरी धुता धुता, त्यांच्यावरच्या शिक्क्यांची अक्षरं जुळवून मी वाचायला शिकले. आता पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. त्यात एक मुलगी व्हायरल फोटो खरे की खोटे ते तपासून लिहिते. आज धीर करून तिला फोन लावला.
"मावशी, बनावट नाहीये. पण कापलाय. उजव्या कडेला कुणाचं तरी अर्धं कोपर राहिलंय. मंत्री तिकडेच बघतायत. मूळ फोटो शोधतेय मी." मग म्हणाली, "पण तुम्ही तर स्वतः पाहिलंत ना?"
मी फोन ठेवला.

१२ मार्च
फोटो कापलेला आहे, हे दीरांना सांगितलं. म्हणाले, "झाकली मूठ राहू द्या, वहिनी. कशाला उकरून काढताय?" चहा तसाच टाकून गेले.

१३ मार्च
कामावर बायका म्हणाल्या, "काय ठणकावून सांगितलंस गं टीव्हीवर!" दिवसभर खाली मान घालून चादरी पिळल्या.

१५ मार्च
मूळ फोटो आला. कोपर माझं. मंत्र्यांनी माझा हात धरलाय आणि मी हसतेय – तोंड वासून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. त्या माणसाला काय करावं सुचत नाहीये, म्हणून कसनुसं हसतोय. मागून मला खांद्यांना धरून सावरतायत, ते दीर.
मुलीनं विचारलंय, मावशी, छापू का?
छाप, म्हटलं. अख्खा.