भातावर तुपाचा पहारा

४ सप्टेंबर
गोंदियाच्या डॉक्टरांनी आज धमकी दिली. तीन महिन्यांची सरासरी शुगर साडेआठ टक्के आहे. खाली आली नाही तर डिसेंबरपासून इन्सुलिनची सुई. मी सुईला भीत नाही. सुई दिसली की फक्त बसावेसे वाटते. उपाय काय, तर भात अर्धा करा. गोंदियाजवळच्या गोरेगावात, भाताच्या मुलखात राहून, घरचा धान असून! या माणसाला डिग्री कोणी दिली?

६ सप्टेंबर
मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. भातात तूप घातले की साखर रक्तात हळू चढते. तूप पोटाच्या दारावर पहारा देते. जन्मभर शाळेत सायन्स शिकवले असल्याने अर्धा व्हिडिओ पुरला.
संकल्प : भात तेवढाच, तूप चौपट.

८ सप्टेंबर, दुपार
प्रयोग यशस्वी. जेवणानंतर दोन तासांनी रुख्माने माझे बोट टोचले. (मी भिंतीकडे पाहत होतो.) १३२! रुख्मा म्हणाली, आणखी थोड्या वेळाने परत मोजू. बायकोला सायन्स कळत नाही, पण स्वभाव चांगला आहे.

२० सप्टेंबर
नवा शोध. जवसाच्या तेलात ओमेगा-थ्री फॅटी ॲसिड असते. आपल्याकडे बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, धान उभा असतानाच जवसाचे बी फेकतात. जे एका बांधीत वाढते ते एका ताटात शोभते, हा निसर्गाचाच इशारा. तुपाच्या जोडीला जवसाचे तेल सुरू. भजीही त्यातच तळायला लावली. घरभर धूर. रुख्मा खोकत होती. तिला औषधाचा वास सोसत नाही.

१२ ऑक्टोबर
शेजारच्या केवलरामलाही शुगर आहे. त्याला फॅटी ॲसिड समजावले. हो गुरुजी, म्हणाला आणि फिरायला निघून गेला. तो अर्धाच भात खातो म्हणे. बिचारा.

६ नोव्हेंबर
गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. रुख्माचा भाऊ दुधराम सहकुटुंब आला. पाहुण्यांसमोर हात आखडता घेणे बरे दिसत नाही. वडे, गुळाचे अईरसे, भात, वर तूप. मग मंडईत फिरलो आणि बोट टोचायचे राहिले. टोचले तेव्हा पाच तास झाले होते. ३०४. मशीन बिघडली. सेल बदलले. ३११. सेलही बिघडलेले.
संकल्प : दोन तासांनंतर मशीन कपाटात, किल्ली माझ्याकडे.

१९ नोव्हेंबर
सारखी तहान लागते. पाणी जास्त पिणे आरोग्याला चांगलेच. पँट धुऊन आटली. सगळ्याच आटल्या.

४ डिसेंबर
रिपोर्ट. साडेदहा.
लॅबवाल्याने कोणाचे तरी रक्त माझ्या नावावर घातले, असे डॉक्टरांना सांगितले. त्यांनी किती भात, किती तूप ते विचारले. मग म्हणाले, तुपाने साखर अडत नाही, उशिरा येते आणि मुक्काम लांबवते. रोज एवढी चरबी पोटात गेली की शरीर इन्सुलिनचे ऐकेनासे होते. हे सगळे व्हिडिओच्या उरलेल्या अर्ध्या भागात असणार. मुद्दाम मागे ठेवतात.
बाहेर आल्यावर रुख्मा म्हणाली, "शुगर घटली नोहती जी. तुमी मोजून रायले होते, तवा थे वाटेत होती."
मी तिला चूप बसवणार होतो. पण तिच्या डोळ्यांत पाणी होते. म्हणाली, "तुमाले काही झालं त मी कोणाचं बोट टोचू?" मला लाज वाटली.
केवलरामचा रिपोर्ट चांगला आला. नशीब एकेकाचे.

५ डिसेंबर, सकाळ
पहिली सुई. रुख्माने दिली. पोटाची वळी चिमटीत धरून द्यायची असते. माझी चिमटीत मावेना, तिने मूठभर धरली. मी भिंतीकडे पाहत होतो. केव्हा टोचली तेही कळले नाही.
तुपाचा हा फायदा त्या व्हिडिओत नव्हता.