खाटेखालचे बियाचे मडके

मी गोदाबाई, भ्रतार कैलासवासी नत्थुजी, जात कुणबी, राहणार मौजे बोरखेडी, परगणे अंजनगाव, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने वा लाडीगोडीने नव्हे, माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवते. लिहिणार शेषराव पटवारी, बोलणारी मी. शेषरावांना माझे बोलणे सुधारायची खोड आहे, तिथे मी त्यांना अडवले आहे. छातीत कफ आहे, पण जीभ ठणठणीत आहे.

राहते घर माझे दीर खुशालराव यांचे. त्यावर मी हक्क सांगत नाही.

नदीकाठचे काळे शेत मला वडिलांनी आंदण दिले. ते माझे, आणि माझ्यामागे माझी सून जमुना हिचे. माझा लेक सूर्यभान पटकीने गेला तेव्हापासून दीर म्हणतात, "पोरीले माहेरी धाडून द्या, वहिनी. इथं तिचं का हाय?" तिचे काय आहे ते आता सांगते. शेषराव, नीट लिहा.

विलायतेच्या पलीकडे कुठे लढाई पेटली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोक येडे झाले. खुशालरावांनी तर बियासाठी राखलेला कापूसही गाड्यांत भरून अमरावतीला विकला आणि पेरायला बाजारातली सरकी आणली. ती कुठली कुठली मिसळलेली. झाडे माजली, बोंडे धरली नाहीत. पुढच्या मृगाला ते माझ्यापुढे उभे राहिले. मी बी दिले. घरचा माणूस, नाही कसे म्हणणार?

आता ते बी कसे होते ते ऐका. वेचणीला बाया वाकतात, बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटे फाटतात. जमुना बियासाठीचा कापूस वेगळ्या ओटीत घेते, तोही मधल्या वेचणीचा, पुरत्या उमललेल्या बोंडांचा. आमच्या घरी राबणारी माणिकबाई त्यातली सरकी हातचरखीवर हळू काढते, घाई केली की दाणा फुटतो. मग जमुना एकेक दाणा निवडते, शंका आली की दाताखाली धरून बघते. राख, कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात भरायचे आणि तोंड मातीने लिंपायचे. मी हे सासूपासून शिकले, जमुना माझ्यापासून. गडी येतात ते तयार बी न्यायला.

मागल्या हिवाळ्यात कापूस बघायला गोरा साहेब आला. खुशालरावांच्या शेतातले, माझ्या बियाचे झाड मुळासकट उपटून त्याने कागदात दाबले. विलायतेत त्यावर अभ्यास होणार म्हणे. माणूस भला होता, खोटं कावून बोलू? त्याने विचारले, असे बी कोण राखते? आम्ही तिघी दाराआड उभ्या होतो. खुशालराव म्हणाले, "आमच्या घरी असंच निंगते, साहेब."

असंच! काय तर म्हणे असंच!

कागदावर खुशालरावांचे नाव लागले आणि डोक्यावर मानाचे पागोटे चढले. माणिकबाई हसून म्हणाली, "बाई, आपले बोटं बी दाबून धाडाले पायजे होते कागदात." मला हसू आले नाही. मला फार लागले, अजून लागते. साहेबाच्या सदऱ्याचे सूत काढायलाही तिकडे कोणी बाईच उभी राहिली असेल. तिलाही कोणी विचारले नसेल. शेषराव म्हणतात, याचा मृत्युपत्राशी काय संबंध? आहे. राहू द्या.

तर हातचरखी आणि माझे निळे लुगडे माणिकबाईला. चांदीच्या पाटल्या जमुनाला. पागोटे खुशालरावांकडेच राहावे, त्यांना ऊन बाधते.

बियाचे मडके जमुनाचे. तिने खुशालरावांना दरसाल पेरणीपुरते बी द्यावे, काळी माती उपाशी ठेवू नये. पण सासरे माणूस सुनेशी बोलत नाही, निरोप धाडतो, ते इथे चालणार नाही. त्यांनी स्वतः यावे आणि तिचे नाव मानाने घेऊन मागावे. तिला या गावातून कोणी काढले तर बीही तिच्याबरोबर जाईल.

मृग लागला आहे. मडके माझ्या खाटेखाली आहे. जमुनाच्या शेताला हरकत नाही म्हणून खुशालरावांनी या कागदावर निशाणी केल्याशिवाय त्याची माती फुटणार नाही. हे मी पुरत्या शुद्धीत सांगते. वाटल्यास नाडी बघा.

गोदाबाई, निशाणी बांगडी
साक्ष: माणिकबाई, निशाणी बांगडी
साक्ष: देवीदास माळी, निशाणी खुरपे

वरील मजकूर मी, लिहिणार शेषराव, खुशालरावांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "जमुने, बी दे." जमुना जागची हलली नाही. त्यांनी आभाळाकडे पाहिले, मग खाटेकडे. गोदाबाईंनी डोळे मिटून घेतले होते, पण "मी जित्ती हाय अजून," असे त्या म्हणाल्या. तेव्हा खुशालराव म्हणाले, "जमुनाबाई, बी द्या."

हरकत नाही. खुशालराव, निशाणी नांगर

जमुनाबाईंनी माझ्यादेखत मडक्याची माती फोडली. खुशालरावांनी बी न्यायला काही आणले नव्हते. त्यांनी डोक्यावरचे पागोटे सोडले आणि तिच्यापुढे पसरले.

हस्ताक्षर शेषराव पटवारी
मौजे बोरखेडी, ज्येष्ठ शुद्ध पंचमी, शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सर